गच्चीवरील एकाच तारेच्या अँटेनावर ४०, २०, १५ आणि १० मीटर : नागपुरातील घरासाठी कोणती रचना योग्य?

नवतरंग, अंबाझरी

नमस्कार मंडळी,

हौशी रेडिओ केंद्राचा परवाना मला याच वर्षी मिळाला असून आता घराच्या गच्चीवर कायम राहील अशी एकच तारेची अँटेना उभारण्याचा विचार आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हापासून मी या विषयाकडे गांभीर्याने वळलो. त्यामुळे माझी पहिली गरज अशी आहे की ४० मीटर बँडवर (म्हणजे सुमारे ४० मीटर तरंगलांबीच्या लहरींच्या पट्ट्यावर) चंद्रपूर, गडचिरोली, अमरावती अशा विदर्भातल्या केंद्रांशी खात्रीने बोलता यावे. २०, १५ आणि १० मीटरवर दूरदेशीची केंद्रे मिळावीत ही इच्छाही तितकीच मनापासून आहे, परंतु ती दुसऱ्या क्रमांकाची आहे.

घर तीन मजली असून गच्ची जमिनीपासून सुमारे १० मीटर उंच आहे. गच्चीची लांबी पूर्व-पश्चिम १४ मीटर आणि रुंदी दक्षिणोत्तर ९ मीटर, म्हणजे कर्ण साधारण साडेसोळा मीटरचा भरतो. जिन्याची खोली जवळजवळ मधोमध आहे आणि तिच्या छतावर जीआय पाइप उभा केल्यास त्याचे टोक गच्चीपासून ७ मीटरपर्यंत नेता येईल. उत्तरेला रस्ता आहे आणि आमच्या कठड्यापासून सुमारे १२ मीटरवर ११ के.व्ही. ची वाहिनी जाते. पूर्वेकडील शेजाऱ्यांनी छतावर सौर पॅनेल बसवले असून त्यांचा इन्व्हर्टर आमच्या ईशान्य कोपऱ्यालगतच्या भिंतीवर आहे. ऊन चढू लागले की ४० मीटरवर सतत खरखर सुरू होते आणि सूर्यास्ताच्या सुमारास ती थांबते. शॅक, म्हणजे रेडिओची खोली, दुसऱ्या मजल्यावर असल्याने २० मीटर कोॲक्स (रेडिओपासून अँटेनापर्यंतची केबल) लागेल आणि सध्या माझ्याकडे आरजी-५८ ही बारीक केबल आहे. रेडिओ १०० वॅटचा असून त्यात अंगभूत ट्यूनर (अँटेना रेडिओशी जुळवणारे साधन) आहे. अंबाझरीच्या बाजूने वानरांची टोळी अधूनमधून गच्चीवर येते, हेही ध्यानात घ्यावे लागेल.

फॅन डायपोल, ट्रॅप डायपोल (डायपोल म्हणजे मध्यावर केबल जोडलेली दोन बाजूंची तार), जी-५-आरव्ही आणि एंड-फेड हाफवेव्ह (एका टोकाला केबल जोडलेली अर्धतरंग तार) या चारही रचनांची स्तुती वाचून झाली आहे. प्रत्येकाचा दावा अनेक बँडचा आहे, परंतु माझ्या या गच्चीवर कोणती रचना निवडावी आणि मुख्य म्हणजे का निवडावी, हे कोणी समजावून सांगितल्यास मी आभारी राहीन.

खामला-सात-मेगा

नवतरंग, परवान्याबद्दल अभिनंदन. जागेची मापे, वाहिनीचे अंतर आणि इन्व्हर्टरचे स्थान तुम्ही दिले हे फार चांगले केले, कारण या प्रश्नाचे उत्तर अँटेनाच्या नावात नसून तुमच्या गच्चीच्या नकाशात आहे.

बँडची यादी क्षणभर बाजूला ठेवून तारेत विद्युतप्रवाह कोठे जास्त असतो तेवढे पाहू. ७.१ मेगाहर्ट्झसाठी कापलेली अर्ध्या तरंगलांबीची तार सुमारे २०.१ मीटर असते. तिच्या मध्यावर प्रवाह सर्वाधिक असतो आणि म्हणून तेथील इंपीडन्स (रेडिओ-वारंवारतेच्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध) ५० ते ७० ओहमच्या आसपास येतो, जो कोॲक्सला मानवतो. हीच तार १४ मेगाहर्ट्झवर पूर्ण तरंगलांबीची होते, मध्यावरचा प्रवाह अगदी कमी होतो आणि इंपीडन्स हजारो ओहमवर जातो. २१ मेगाहर्ट्झवर तिच्यात तीन अर्धतरंग बसतात, त्यामुळे मध्यावर पुन्हा प्रवाहाचे शिखर येते. २८ मेगाहर्ट्झवर चार अर्धतरंग बसून पुन्हा २० मीटरसारखीच अडचण उभी राहते. याचा अर्थ असा की ४० मीटरची तार १५ मीटरलाही चालते आणि २० व १० मीटरसाठी तेवढ्या वेगळ्या तारा त्याच फीडपॉइंटला, म्हणजे केबल जोडण्याच्या जागी, जोडाव्या लागतात. तीन जोड्यांत चार बँड, हा फॅन डायपोलचा हिशेब आहे. ज्या बँडवर आपण बोलतो त्याचीच जोडी प्रवाह घेते, बाकीच्या जोड्यांचा इंपीडन्स जास्त असल्याने त्या बहुतांशी बाजूला राहतात, आणि ट्यूनरवर विसंबून राहावे लागत नाही.

तुमची पहिली गरज ज्या अंतराची आहे तेथे कमी उंची हा दोष नव्हे. चंद्रपूर किंवा अमरावती हवाई अंतराने दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेर आहेत. आयनावरणाचा (वरच्या वातावरणातील विद्युतभारित भागाचा) एफ थर सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर धरला, तर तेथून परावर्तित होऊन दीडशे किलोमीटरवर उतरण्यासाठी लहरीला जवळजवळ ७५ अंशांच्या कोनात वर जावे लागते. ४० मीटरची तरंगलांबी ४२ मीटर असल्याने जमिनीपासून १७ मीटरवर मध्य असलेली इन्व्हर्टेड व्ही (मध्य उंच आणि टोके खाली असलेला डायपोल) पुरेशी शक्ती अशा उभ्या कोनांत पाठवते. दिवसा विदर्भात बोलण्यासाठी याहून सोयीची रचना मला माहीत नाही.

मात्र एक गोष्ट आताच सांगितली पाहिजे. तुम्ही ज्या पहाटेचा उल्लेख केला तशा वेळी, म्हणजे मध्यरात्रीनंतर, एफ थर विरळ झालेला असतो आणि ७ मेगाहर्ट्झची उभी लहर परत न येता बाहेर निघून जाते. त्या वेळी ४० मीटरवर दूरची केंद्रे ऐकू येतील, पण चंद्रपूर ऐकू येईलच असे नाही. रात्रीच्या जवळच्या संपर्कासाठी ८० मीटरचा बँड लागतो. ४० मीटरच्या तारेच्या टोकांना मोठ्या इंडक्टन्सच्या कॉइल आणि त्यापुढे छोट्या शेपट्या जोडून ती सोय नंतर करता येते. तिची बँडविड्थ अरुंद असेल आणि १५ मीटरची जुळणी पुन्हा तपासावी लागेल, म्हणून सुरुवातीलाच ते ओझे घेऊ नये. परंतु आपत्तीच्या वेळी उपयोगी पडावे हा उद्देश असेल तर हे काम यादीतून गळू देऊ नका.

आता तारा कशा ताणाव्यात ते पाहू. ४० मीटरची जोडी वायव्य-आग्नेय कर्णावर न्यावी, म्हणजे ती इन्व्हर्टरपासून दूर राहील. मध्य ७ मीटरवर आणि टोके गच्चीपासून अडीच मीटरवर धरली, तर सव्वाआठ मीटरच्या आडव्या अंतरात सुमारे साडेनऊ मीटर तार मावते. उरलेले अर्धा-पाऊण मीटर टोकाला वळवून कठड्याला समांतर ताणले तरी बिघडत नाही, कारण टोकाशी प्रवाह नगण्य असतो. तेथे व्होल्टेज मात्र जास्त असते, म्हणून टोक कोणाच्याही हाताला लागू नये. व्हीचा मधला कोन या मापांत १२० अंशांच्या आसपास राहतो आणि तो ९० अंशांच्या खाली जाऊ नये एवढेच पथ्य आहे.

२० आणि १० मीटरच्या जोड्या दुसऱ्या कर्णावर, म्हणजे ईशान्य-नैर्ऋत्य दिशेने ताणाव्यात असे मी सुचवीन. त्यात दोन फायदे आहेत. तारा एकमेकींपासून दूर गेल्याने त्यांचा परस्परांवरील परिणाम कमी होतो आणि जुळणी सोपी होते. शिवाय डायपोलचा जोर तारेच्या काटकोनात असतो, त्यामुळे हा कर्ण वापरला तर २० मीटरवर वायव्येकडे, म्हणजे नागपूरहून युरोप ज्या दिशेला आहे तिकडे, संदेश चांगला जाईल. २० मीटरची एक बाजू जेमतेम पाच मीटरची असल्याने तिचे टोक ईशान्य कोपऱ्यापासून सुमारे चार मीटर अलीकडेच संपते, त्यामुळे इन्व्हर्टरचा उपद्रव फारसा वाढणार नाही. २० आणि १० मीटरच्या तारा एकाच कर्णावर असल्याने त्यांची टोके एकमेकींपासून निदान अर्धा मीटर तरी फाकवून बांधावीत.

उरलेल्या दोन रचनांबद्दल थोडक्यात. जी-५-आरव्ही ही लुई वार्नी यांनी १९४६ मध्ये आखलेली अँटेना मुळात १४ मेगाहर्ट्झवर तीन अर्धतरंग धरून केलेली आहे. तिची तार ३१ मीटरची असते, ती तुमच्या गच्चीत मावत नाही आणि बहुतेक बँडवर तिला ट्यूनर लागतोच. ट्रॅप डायपोल (ज्याच्या तारेत बँड वेगळे करणाऱ्या कॉइल-कपॅसिटरच्या जोड्या, म्हणजे ट्रॅप, असतात) जागा वाचवतो, पण प्रत्येक ट्रॅपमध्ये थोडी शक्ती खर्च होते, बँडविड्थ आक्रसते, आणि पावसाळ्यात ट्रॅपच्या कपॅसिटरमध्ये ओलावा शिरला तर जुळणी सरकते. मोकळी गच्ची असताना तो मार्ग धरण्याचे कारण दिसत नाही.

मनीषनगर-चौथा-मजला

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, परंतु एंड-फेड हाफवेव्हबद्दल कोणी काही लिहिले नाही. मी स्वतः तीच वापरतो, म्हणून तिची बाजू आणि तिच्या अटी दोन्ही मांडतो.

आमच्या इमारतीत गच्ची सामायिक आहे, मधोमध पाइप उभारण्यास परवानगी मिळत नाही आणि तारा चारी दिशांना ताणणे शक्यच नाही. अशा ठिकाणी पाण्याच्या टाकीपाशी ट्रान्सफॉर्मरचा डबा आणि दुसऱ्या टोकाला एक बांबू एवढ्यावर २० मीटरची तार उभी राहते आणि ४०, २०, १५, १० हे चारही बँड एकाच तारेवर मिळतात. तारेच्या टोकाशी इंपीडन्स सुमारे अडीच हजार ओहम असतो. प्राथमिक २ आणि दुय्यम १४ वेढे, म्हणजे वेढ्यांचे गुणोत्तर १ ला ७ आणि इंपीडन्सचे १ ला ४९, असा ट्रान्सफॉर्मर तो ५० ओहमवर आणतो. वरच्या बँडवर प्राथमिक वेढ्यांना समांतर १०० पिकोफॅरडचा उच्च व्होल्टेजचा कपॅसिटर लावल्यास जुळणी सुधारते. १० मीटरवर रेझोनन्स (तार ज्या वारंवारतेवर जुळते ती) वर सरकत असेल तर ट्रान्सफॉर्मरपासून सुमारे दोन मीटरवर तारेत छोटी कॉइल घालून तो खाली आणता येतो.

आता अटी. पहिली अट विद्युतदाबाची आहे. १०० वॅट आणि २४५० ओहम धरले तर टोकाशी जवळजवळ ५०० व्होल्ट आरएमएस, म्हणजे शिखराला ७०० व्होल्ट येतात. डबा आणि तारेचे सुरुवातीचे टोक लहान मुलांच्या किंवा वानरांच्या हाती लागेल अशा जागी ठेवता कामा नये.

दुसरी अट उष्णतेची असून नागपुरात तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. मे महिन्यात सावलीतले तापमान ४५ अंशांवर जाते, तेव्हा उन्हातला काळा प्लास्टिकचा डबा आतून त्याहून पुष्कळ तापलेला असतो. ट्रान्सफॉर्मरने दहा टक्के शक्ती खाल्ली तरी १०० वॅटच्या सलग डिजिटल प्रसारणात १० वॅट उष्णता त्या बंद डब्यातील कोरमध्ये (ट्रान्सफॉर्मरच्या फेराइट गाभ्यात) साठू लागते, कोर तापला की त्याचा ऱ्हास, म्हणजे त्यातील शक्तीची हानी, वाढते आणि एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली याचे माप, आदर्श १) प्रसारण चालू असतानाच चढू लागतो. मोठा किंवा एकावर एक ठेवलेले दोन कोर, पांढरा डबा आणि टाकीच्या सावलीतील जागा यांनी हा प्रश्न आटोक्यात राहतो. संभाषणासाठी शक्ती सरासरीने कमी लागते, डिजिटलसाठी मात्र उन्हाळ्यात ३० ते ४० वॅटच्या पुढे जाऊ नये असे मला वाटते.

तिसरी अट नवतरंग यांच्या दृष्टीने निर्णायक आहे. या अँटेनाला परतीचा मार्ग लागतो. वेगळी प्रतितार दिली नाही तर कोॲक्सचे बाहेरचे आवरणच ती जागा घेते आणि ते घरातून जात असल्याने घरातला व शेजारचा सारा गोंगाट रेडिओत ओतते. ट्रान्सफॉर्मरला दोन मीटरची प्रतितार आणि त्यानंतर कोॲक्सवर फेराइटचा चोक (आवरणावरचा प्रवाह अडवणारे साधन) लावल्यावर फरक पडतो, परंतु सौर इन्व्हर्टर इतका जवळ असताना समतोल डायपोल नेहमीच शांत राहील. तुमच्याकडे मधोमध आधार आहे, हे आमच्यासारख्या फ्लॅटवाल्यांच्या दृष्टीने मोठे भाग्य आहे. ते असताना एंड-फेड निवडू नये असेच माझे मत आहे.

समांतर-फीडर

खामल्याच्या सदस्यांनी ८० मीटरचा मुद्दा काढला तो फार मोलाचा आहे आणि तोच धरून मी वेगळा पर्याय मांडतो. वायव्य-आग्नेय कर्णावरची २० मीटरची तार तशीच ठेवा, बाकीच्या तारा लावू नका आणि कोॲक्सऐवजी समांतर ओपन वायर फीडरने (अंतर राखून नेलेल्या दोन तारांनी) ती शॅकपर्यंत आणा. योग्य ट्यूनर असेल तर तीच तार ८० मीटरपासून १० मीटरपर्यंत, मधल्या १७ आणि १२ मीटरसह, सर्व बँडवर चालते. ८० मीटरवर ती पाव तरंगलांबीचीच भरते हे खरे, परंतु रात्री विदर्भात बोलण्यापुरती ती नक्की उपयोगी पडते.

हे शक्य होते याचे कारण एसडब्ल्यूआर आणि ऱ्हास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एसडब्ल्यूआर १० असला तरी ज्या फीडरचा मूळ ऱ्हासच अत्यल्प आहे त्यात शक्ती फार वाया जात नाही. कोॲक्समध्ये मात्र तीच परतफेर करणारी लहर प्रत्येक खेपेला डायइलेक्ट्रिक आणि तांब्यात थोडी थोडी जिरत जाते. शॅकमधील ट्यूनर रेडिओला ५० ओहम दाखवतो, कोॲक्सच्या पोटात होणारी हानी तो थांबवू शकत नाही. यासाठीच रेडिओतील अंगभूत ट्यूनर हा बहुबँड अँटेनाचा आधार मानू नये. असे बहुतेक ट्यूनर एसडब्ल्यूआर ३ पर्यंतच जुळवतात आणि या रचनेला तर ते पुरणारच नाहीत.

हा फीडर घरी करता येतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा व्यास सुमारे १.४ मिलिमीटर असतो आणि अशा दोन तारा १० सेंटीमीटर अंतरावर समांतर ठेवल्या की वैशिष्ट्यपूर्ण इंपीडन्स ६०० ओहमच्या जवळ येतो. वायरिंगच्या पीव्हीसी पाइपचे तुकडे कापून, टोकांना भोके पाडून, दर अर्ध्या मीटरवर बसवले तर तारांमधले अंतर कायम राहते.

किंमत कोठे मोजावी लागते तेही सांगतो. हा फीडर कठड्याच्या सळया, पाण्याचे लोखंडी पाइप आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या यांपासून निदान ३० सेंटीमीटर दूर न्यावा लागतो. दुसऱ्या मजल्यापर्यंत भिंतीलगत खाली आणताना हे सांभाळणे सोपे नसते. बाहेरचा, समतोल जोडणीचा ट्यूनर घ्यावा किंवा बनवावा लागतो आणि बँड बदलला की दरवेळी तो जुळवावा लागतो. केवळ वरच्या बँडचा विचार असता तर अँटेनांचे अभ्यासक एल. बी. सेबिक यांनी सुचवलेली १३.४ मीटरची डब्लेट (अशाच फीडरने जोडलेला डायपोल) मी पुढे केली असती, कारण ४० ते १० मीटरपर्यंत तिचा जोर तारेच्या काटकोनातच राहतो. तुमचा मुख्य उद्देश विदर्भातील रात्रंदिवस संपर्क हा असल्याने मी २० मीटरच्या तारेलाच चिकटून राहीन.

नवतरंग, अंबाझरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रात्रीच्या ४० मीटरचा मुद्दा माझ्या उद्देशाच्या मुळाशी जाणारा आहे. समांतर फीडरची रचना मला पटली, पण शॅकची खिडकी ॲल्युमिनियमची असून तिच्या दोन्ही बाजूंना लोखंडी जाळी आहे, म्हणून तो फीडर आत आणणे तूर्त कठीण दिसते. तेव्हा दोन कर्णांवरचा फॅन डायपोल आधी उभारावा आणि ८० मीटरच्या कॉइल त्यानंतर जोडाव्यात असे ठरवतो आहे.

आता तीन शंका आहेत. तार कोणती घ्यावी आणि जुळणी कोणत्या क्रमाने करावी? माझे आरजी-५८ पुरेल का? आणि वळवाच्या पावसात विजा पडतात तेव्हा या सगळ्याचे काय करावे?

खामला-सात-मेगा

पहिल्या दोन शंकांची उत्तरे मी देतो. विजेबद्दल ज्यांचा अधिकार आहे त्यांनी लिहावे.

घरगुती वायरिंगची दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची पीव्हीसी आवरणाची तांब्याची तार चालते. मऊ तांबे ताणाखाली हळूहळू लांबते, म्हणून बांधून ठेवल्यावर आठवड्याभराने पुन्हा मोजावे. नागपूरच्या थंडी-उन्हाळ्यातील फरकाने तारेची लांबी किती बदलेल अशी चिंता पुष्कळांना वाटते, परंतु ३५ अंशांच्या फरकाने २० मीटर तांबे सव्वा सेंटीमीटरसुद्धा वाढत नाही. ऊन खरे खाते ते नायलॉनच्या दोरीला. कडक उन्हात ती ठिसूळ होते आणि पहिल्या वादळात तुटते. अतिनील किरणांना टिकणारी पॉलिएस्टरची दोरी घ्यावी आणि दरवर्षी मे संपण्याच्या आत ती हाताने चाचपून पाहावी.

४० मीटरसाठी प्रत्येक बाजू १०.४ मीटर, २० साठी ५.३ आणि १० साठी २.७ मीटर अशी मुद्दाम जास्त लांबीने सुरुवात करावी. पीव्हीसी आवरणामुळे आणि व्हीच्या आकारामुळे अंतिम लांबी सूत्राने येते त्याहून दोन ते चार टक्के कमी भरते. तार कापू नये, टोक मागे दुमडून तिच्यावरच घट्ट गुंडाळावे. आधी ४० जुळवावे, मग २०, मग १०, आणि शेवटी पुन्हा एकदा तिन्ही तपासावे. प्रत्येक बाजूला एक सेंटीमीटर कमी केल्यावर ४० मीटरवर रेझोनन्स जेमतेम ७ किलोहर्ट्झ वर जातो, १० मीटरवर मात्र शंभर किलोहर्ट्झहून अधिक सरकतो. त्यामुळे १० मीटरची तार जुळवताना हात आखडता ठेवावा. आपल्याकडे ४० मीटरचा बँड ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ एवढाच आहे, तेव्हा ७.१ वर मध्य धरला की पूर्ण बँड आटोपतो.

१५ मीटरवर एक बारकावा आहे. तारेच्या टोकांचा परिणाम फक्त दोन टोकांनाच होत असल्याने तिसरा हार्मोनिक नेमक्या तिपटीवर न येता त्याहून वर, म्हणजे बहुधा २१.८ मेगाहर्ट्झच्या आसपास येतो आणि आपला बँड २१.४५ ला संपतो. ४० मीटरच्या तारेवर मध्यापासून प्रत्येक बाजूला सुमारे ३.४ मीटरवर, जेथे १५ मीटरच्या लहरीचे व्होल्टेज सर्वाधिक असते, तेथे ताठ तारेचा सुमारे ३० सेंटीमीटरचा आडवा तुकडा जोडावा आणि त्याची लांबी कमीजास्त करत रेझोनन्स २१.२ वर आणावा. ४० मीटरवर याचा परिणाम किरकोळ होतो, तरी तपासून घ्यावे.

आरजी-५८ बद्दल स्पष्ट सांगतो की ते बदला. २० मीटर लांबीत ते १० मीटर बँडवर सुमारे १.६ डेसिबल खाते, म्हणजे शंभरातले तीसेक वॅट अँटेनापर्यंत पोहोचतच नाहीत. आरजी-२१३ या जाड केबलमध्ये हीच हानी जवळपास निम्म्यावर येते. लांब ऱ्हासाळ कोॲक्सचा आणखी एक दोष असा की ते मोजमापाची दिशाभूल करते. अँटेनापाशी ३ असलेला एसडब्ल्यूआर तुमच्या या आरजी-५८ च्या शॅककडील टोकाला १० मीटर बँडवर २ च्या जवळ दिसेल आणि सारे ठीक आहे असे वाटेल. नॅनोव्हीएनएचे (अँटेना मोजण्याच्या छोट्या उपकरणाचे) कॅलिब्रेशन फीडपॉइंटच्या टोकाशी करावे, म्हणजे खरी स्थिती कळते. डिशवाल्यांचे आरजी-६ स्वस्त मिळते आणि ७५ ओहम असूनही डायपोलला चालते, मात्र त्याची जाळी ॲल्युमिनियमची असल्याने तिला सोल्डरचा डाग लागत नाही. दाबून बसवायचे कनेक्टर वापरावे लागतील.

फीडपॉइंटला एकास एक करंट बालून (कोॲक्स आणि समतोल तार यांमधला चोक) अवश्य लावा. ३१ क्रमांकाच्या मिश्रणाच्या २४० आकाराच्या फेराइट रिंगवर बारीक कोॲक्सचे १० ते १२ वेढे घेतले की पुरते. हेच साधन शेजारच्या इन्व्हर्टरची खरखर कोॲक्सच्या आवरणावरून रेडिओत येण्यापासून अडवते. तसाच दुसरा चोक शॅकमध्ये शिरताना लावल्यास अधिक चांगले.

भूसंपर्क

मी विद्युत सुरक्षेच्या क्षेत्रात काम केले आहे, म्हणून तिसऱ्या शंकेचे उत्तर देतो आणि वाहिनीबद्दलही लिहितो.

११ के.व्ही. च्या बाबतीत हिशेब असा करावा की तार तुटली, सुटली किंवा वादळात पाइप कलंडला तरी तिचा कोणताही भाग वाहिनीपर्यंत पोहोचू नये. तुमच्या मधल्या पाइपपासून वाहिनी साडेसोळा मीटरवर आहे आणि वायव्य कोपऱ्यातील टोकापासून सुमारे १२ मीटरवर. १०.४ मीटरची तार मध्यातून सुटून कोपऱ्याला लटकत राहिली आणि वाऱ्याने उत्तरेकडे फेकली गेली तरी दीड मीटर उरते. हे अंतर पुरेसे असले तरी ऐसपैस नाही. म्हणून वायव्य टोकाची दोरी कठड्याच्या आतल्या बाजूला, गच्चीच्या कडेपासून एक मीटर आत बांधावी आणि तिची मोकळी शेपूट लांब सोडू नये, कारण ओली दोरी अशा दाबाला वाहक ठरू शकते. तारा ताणण्याचे काम कोरड्या, वारा नसलेल्या दिवशी, दोघांनी मिळून करावे.

विजेच्या संदर्भात, थेट पडणाऱ्या विजेपासून कोणतेही छोटे साधन वाचवत नाही. गॅस डिस्चार्ज नळीचा अरेस्टर जवळपास पडलेल्या विजेने तारेत उमटणारा दाब आणि उन्हाळी वाऱ्याने साठणारा स्थिर भार जमिनीत सोडतो आणि तेवढ्यासाठी तो हवाच. तो कोॲक्स घरात शिरण्यापूर्वी, बाहेरच्या भिंतीवर बसवावा आणि तेथून जाड तांब्याची पट्टी शक्य तितक्या सरळ रेषेत अर्थिंगपर्यंत न्यावी. वर उभा केलेला जीआय पाइपही त्याच अर्थिंगला जोडावा. रेडिओचे अर्थिंग वेगळे आणि घराचे वेगळे असे मात्र ठेवू नये. दोन्ही रॉड एकमेकांना जोडलेले नसतील तर वीज जवळ पडताच त्यांच्यामध्ये जो दाब निर्माण होतो तो तुमच्या रेडिओमधून वाट काढतो. भारतीय मानक आयएस ३०४३ मध्ये अर्थिंगची रीत दिलेली आहे आणि परवानाधारक वायरमनला तिची माहिती असते.

काळ्या मातीचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्या. ओली असताना ती उत्तम वाहक असते, परंतु एप्रिल-मेमध्ये ती आकसून तिला भेगा पडतात आणि रॉडभोवतीची माती रॉडपासून सुटते. नेमक्या त्याच दिवसांत वळवाची वादळे येतात. त्यामुळे अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहावे आणि अवरोध जून उजाडण्याची वाट न पाहता एप्रिलमध्ये मोजून घ्यावा.

आकाश भरून येऊ लागले की कोॲक्स रेडिओपासून सोडवून भिंतीबाहेरच्या जोडणीपाशी ठेवावे, खोलीत टेबलावर ठेवू नये. रेडिओ वापरात नसताना ते कायम सुटेच राहील अशी सवय सगळ्यांत चांगली. गडगडाट ऐकू येत असताना ते सोडवायला कोणीही गच्चीवर किंवा त्या जोडणीपाशी जाऊ नये.

संक्रांतीच्या दिवसांत पतंगाचा मांजा तारांत अडकतो. नायलॉन मांजावर बंदी असली तरी तो तुटून आलेला सापडतो, आणि मुले तो ओढताना तारेचे टोक सोडवतात. त्या आठवड्यात कर्णावरच्या दोऱ्या सैल करून तारा खाली उतरवून ठेवाव्यात. वानरांसाठी दोरी कठड्याला पक्की न बांधता कप्पीवरून घेऊन तिच्या टोकाला वाळू भरलेला डबा टांगावा, म्हणजे वानराने तारेला झोका घेतला तरी डबा वर उचलला जाईल आणि तार तुटणार नाही. कप्पीची धाव अर्ध्या मीटरपेक्षा जास्त ठेवू नये, नाहीतर वायव्येचे टोक वाहिनीच्या बाजूला सरकण्यास तेवढी मोकळीक मिळते.